भट्टीवरच्या घरातला ढग

माननीय व्याही,

तुम्हाला माझा नमस्कार आणि विहीणबाईंना आम्हा दोघांचा. तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि विहीणबाईंचा खोकला (जो फोनवर नेमका माझ्याशी बोलतानाच येतो, असं आमच्या हिचं निरीक्षण आहे) थांबला का, ते जरूर कळवा. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे वाक्य गेल्या बुधवारी लिहिता आलं नसतं, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुमच्या पत्रात लेकीविषयी दोन ओळी आणि ढगाविषयी दीड पान होतं, त्यावरून तुमची काळजी नेमकी कुठे आहे ते लक्षात आलं. तुमचं काही चुकलं नाही. लेक स्वतःचं बघू शकते. ढग नाही बघू शकत.

तुम्हाला आठवत असेल, लग्नानंतर ती आमच्याकडे आली तेव्हा बरोबर दोन बॅगा, एक शिवणयंत्र आणि हा राखाडी प्राणी होता. चिंचिला हा शब्द ऐकून आमच्या हिला वाटलं की लोणच्याची बरणी आली, आणि तिने फडताळात जागासुद्धा केली. पाहतो तर मोठ्या पिंजऱ्यात कापसाचा गोळा, त्याला उंदराचे कान आणि चेहरा असा की आपणच त्याच्याकडे न विचारता राहायला आलोय. सूनबाई त्याला ढग म्हणते. सुरुवातीला मी एकदा गंमत केली की उन्हाळ्यात घरात ढग असून पाऊस काही पडत नाही. त्यावर ती नम्रपणे हसली. गेले तीन महिने ती माझ्या सगळ्याच विनोदांवर तशी हसते, बँकेच्या साहेबासमोर आपण हसतो ना, तसं. (तुमचं शिक्षण उत्तम आहे, तक्रार नाही. पण जरा जास्तच उत्तम झालंय.)

आता आमच्या घराची रचना. तुम्ही आलात ते थंडीत, तेव्हा मधल्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसला होतात आणि काय सुंदर ऊब आहे म्हणाला होतात. ती ऊब नव्हे, खाली माझी भट्टी आहे आणि तिचं धुराडं त्या भिंतीतून वर जातं. थंडीत पाहुणे ती भिंत सोडत नाहीत, उन्हाळ्यात घरचे तिच्याकडे पाहत नाहीत. विटांची भट्टी एकदा तापली की तापलेलीच ठेवायची असते, त्यामुळे गेली सव्वीस वर्षं ती मी पूर्ण थंड होऊ दिलेली नाही. सूनबाईने आल्या आल्या पिंजऱ्याजवळ एक तापमापक टांगला आणि मला समजावलं की अठरा ते बावीस उत्तम, पंचवीसच्या वर धोका. मी मान डोलावली. माझ्या भट्टीचा तापमापक सुरूच पन्नासपासून होतो. पंचवीस हा आकडा मी उष्णतेच्या संदर्भात आयुष्यात प्रथमच ऐकत होतो.

हा प्राणी मुळात उंच, थंड डोंगरांतला, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही जन्मभर भूगोल शिकवलात. त्याच्या एका छिद्रातून साठ-साठ केस उगवतात म्हणे (माझ्या डोक्यावर एकूण तेवढेच असतील), आणि घाम तर त्याला येतच नाही. त्याला भिजवायचं नाही, कारण ते केस वाळत नाहीत. आंघोळ तो धुळीत करतो, आणि ती धूळ विकत आणावी लागते. एकतीस वर्षं या घरातली धूळ फुकट बाहेर फेकणारी आमची ही ते ऐकून खुर्चीत बसली ती बराच वेळ उठली नाही. असो. मुला-सुनेच्या खोलीत एसी होता, चोवीस तास चालायचा, ढग आत गारव्यात झोपायचा आणि आम्ही बाहेर वर्तमानपत्राने वारा घ्यायचो. घरात कोणाची पायरी कुठे, ते सगळ्यांना मान्य होतं.

बुधवारी सकाळी साडेअकराला तो एसी बंद पडला. चिरंजीव लिफ्टच्या दुरुस्तीसाठी दौऱ्यावर, सूनबाई तिच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत. घरात मी, ही आणि ढग. एसीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, गॅस गेलाय, तीन दिवसांनी येतो, सगळ्या गावाचा गॅस आजच गेलाय. मी सूनबाईला फोन केला नाही. का केला नाही, ते पुढे तिनेही विचारलं आणि तेव्हाही मला नीट सांगता आलं नाही. मला वाटलं, एवढीशी गोष्ट, सासऱ्याला जमू नये?

पहिल्यांदा पंखा लावला. ढगाची मिशी हलली, बाकी काही नाही, कारण ज्याला घाम नाही त्याला वारा काय वाळवणार. (हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पंखा वाढवला.) मग ओली चादर पिंजऱ्यावर टाकली, तर हिने ती ओढून काढली आणि सूनबाईने भिंतीला चिकटवलेला कागद दाखवला, त्यात दुसऱ्याच ओळीत ओलावा नको असं लिहिलं होतं. पहिल्या ओळीत, अडचण आल्यास म्हणून, माझाच फोन नंबर होता. मग मला बिस्किटांचं पीठ लाटायची संगमरवरी फरशी आठवली. ती कायम गार असते. दोन कारागिरांनी ती वर आणली, पिंजऱ्यात बसेना म्हणून पिंजरा तिच्यावर ठेवला, तळाची जाळी काढली, आणि ढग तिच्यावर पोट टेकवून बसला. अर्धा तास सगळं छान होतं. मग फरशीही खोलीसारखी झाली, आणि तापमापक अठ्ठावीसवर गेला.

तेव्हा मी निर्णय घेतला की त्याला खाली दुकानात न्यायचं, केकच्या गार कपाटापुढे. कपाटाचं दार उघडं ठेवलं आणि पिंजरा समोर मांडला. वरच्या फळीवर एका वकीलबाईंच्या निवृत्तीचा केक होता, त्याच्यावरची अक्षरं घसरायला लागली आणि थोड्याच वेळात तिथे नुसतं 'वृत्ती' राहिलं. गिऱ्हाइकं पाव घ्यायची विसरून पिंजऱ्याभोवती जमली. एका आजोबांनी हा किती किलोचा म्हणून विचारलं. आणि ह्या सगळ्या गर्दीत मागून शांतपणे एक माणूस आत आला, तो अन्न तपासणीस होता.

हा गृहस्थ वर्षातून दोनदा येतो, बोलत नाही, फक्त लिहितो. त्याने केकचं उघडं कपाट पाहिलं, पिंजरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो की हा आमच्या सुनेचा ढग आहे. ह्या वाक्याने माझी बाजू मजबूत झाली नाही हे मलाही जाणवलं. त्याने वही काढली, पेन उघडलं, आणि मग वाकून पिंजऱ्यात पाहतच राहिला.

"ह्याचे कान इतके लाल असतात का?" त्याने विचारलं.

नसतात. मी पाहिलं तर ढग कुशीवर पसरला होता, कान आतून लालभडक, आणि श्वास इतका भरभर चाललेला की मोजता येईना. व्याही, मी अडीचशे अंशांच्या तोंडाशी हात घालणारा माणूस, पण त्या पिंजऱ्यात मला हात घालवेना. मला एकच दिसत होतं, संध्याकाळी साडेसहाला ती जिना चढून येईल, आणि दारात मी उभा असेन.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, बर्फ नको, पाणी नको, घरातली सगळ्यात गार आणि अंधारी जागा शोधा आणि सावकाश गार होऊ द्या. अशी एकच जागा आमच्याकडे, मैद्याचं तळघर. मी पिंजरा उचलला. तपासणीस दारात आडवा झाला आणि म्हणाला की पिठाच्या कोठारात जनावर चालणार नाही, एकतर पीठ राहील नाहीतर हा. त्याचं बरोबरच होतं. मी कारागिरांना सांगितलं, पीठ वर न्या. एक्केचाळीस पोती त्यांनी आमच्या झोपायच्या खोलीत नेऊन लावली, आणि शेवटच्या सहा पोत्यांना तपासणीसाने स्वतः खांदा दिला. (त्याने वहीत काय लिहिलं ते अजून आलेलं नाही.)

तळघराची एक भिंत भट्टीला लागून आहे. हात लावला तर कोमट. मी वर आलो आणि भट्टी विझवली. आतला माल अर्धा कच्चा होता, तसाच काढला. एका कारागिराने टोपी काढली. ही मात्र मधल्या खोलीत जाऊन धुराड्याच्या भिंतीशी उभी राहिली, नुसती भिंतीवर हात ठेवून, कितीतरी वेळ. बिचारीला भट्टीचं फार लागलं असणार. मी हाक मारली नाही.

मग मी तळघरात फरशीवर बसलो, ढगाच्या बाजूला. त्याच्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून यीस्टविषयी बोललो. पाऊण तासाने त्याने एक पाय आत ओढून घेतला. तासाभराने उठून बसला. कान फिके झाले. चार वाजता त्याने माझ्या सदऱ्याचं दुसरं बटण कुरतडून खाल्लं, आणि डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की हे चांगलं लक्षण आहे.

साडेसहाला सूनबाई आली. दुकान बंद, भट्टी विझलेली, झोपायच्या खोलीत मैदा, आणि सासरा तळघरात बिनबटणाचा. तिने आधी ढगाला पाहिलं, पोटाला हात लावून पाहिला, मग माझ्याकडे वळली.

"मला फोन का नाही केलात?" ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं, सगळं एकट्यानेच करायचं असतं? त्याला काही झालं असतं तर? आणि तुम्ही सकाळपासून पाणी तरी प्यायलात का? तोंड बघा आपलं."

ती दहा मिनिटं थांबली नाही. आवाज वरपर्यंत गेला असणार. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती माझ्यावर ओरडली, अगदी तुमच्यावर ओरडत असेल तशी. मी मान खाली घालून ऐकलं. मला फार बरं वाटलं. (हे तिला सांगू नका, नाहीतर पुन्हा नम्र होईल.)

ढग तळघरातच राहिला, एसी शनिवारी दुरुस्त झाला आणि भट्टी त्याच दुपारी पेटली. पाव सुरू झाल्याचं कळताच तीन दिवस शिव्या देणारे लोक रांगेत उभे राहिले. ढग तब्येतीने उत्तम आहे. विहीणबाईंना काळजी करू नका म्हणावं, आणि त्यांचा आवळ्याच्या सुपारीचा उपाय खोकल्यावर चालत नसेल तर तो आता सोडून द्यावा.

तुमचा,
बेकरीवाला व्याही

ता. क. बटणं आम्ही आता लाकडी लावली आहेत, तीही तो खातो. काळजी नसावी.

ता. क. २. एक लहानशी गोष्ट राहिली, खरं तर पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. काल घरं दाखवणाऱ्या बाई पाव घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, सुनेला ते उत्तरेकडचं घर आवडलेलं दिसतंय. मी त्यांना चुकून दोन पाव जास्त दिले. मला कोणी काही सांगितलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही. भट्टीवर संसार करायचा कोणी, हेही मला कळतं. पण ती तुमचं मत विचारेल. तेव्हा तुम्ही सहज, भूगोलाच्या अंगाने, सांगितलंत की आमचं तळघर कोणत्याही उत्तरेकडच्या घरापेक्षा गार आहे, तर बरं होईल. माझ्यासाठी नाही म्हणत. ढगाला माझी सवय झाली आहे.

ता. क. ३. भाऊसाहेब, नमस्कार. हे मी लिहिते आहे. पाकीट चिकटवून टपालात टाकायला त्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून जागा मिळाली. ते घर सूनबाईने एकटीने पाहिलेलं नाही, आम्ही दोघींनी पाहिलं, शिंप्याकडे जातो सांगून. तीन खोल्या आहेत, एक आमची. बेकरीपासून चालत चार मिनिटं, मी घड्याळ लावून चालले. एकतीस वर्षं मी भट्टीवर राहते आहे. त्या प्राण्याला एक दुपार उकडलं तर भट्टी विझली. मला राग नाही, मीच कधी लाल झाले नाही, ही माझी चूक. पण त्या तीन दिवसांत ती भिंत गार होत गेली आणि मी रोज हात लावून पाहत होते, आता मला पुन्हा तिथे राहवणार नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुमचं ते ऐकतात. उत्तरेकडचं घर कसं चांगलं, ते त्यांना सविस्तर लिहा, नकाशा काढून लिहिलंत तर उत्तम. किल्ली मंगळवारी मिळते. मुलं, ढग आणि मी त्याच दिवशी जातो आहोत. त्यांनी कधी यायचं ते त्यांनी ठरवावं, पण त्यांची उशी मी बरोबर नेते आहे.