गेटवर नेलेली ताडी

मी, बुर्रा तिरुपती, वय बावीस, धंदा ताडी काढणे, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडलेली, राहणार रामक्कपेट, जिल्हा संगारेड्डी, हे स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. राग आहे, पण तो शुद्धीतला आहे. मरायची हौस नाही. उद्या गावात औषध कंपनीच्या नव्या कारखान्याची जनसुनावणी आहे. तिथे ओढ्याचं पाणी आधी मॅनेजरसाहेबांपुढे धरणार. त्यांनी नाही घेतलं तर कलेक्टरांसमोर मी पिणार. त्यात माझं काही झालं, तर व्यवस्था अशी :

१. घरातला माझा हिस्सा आईला. कंपनीखालच्या ओढ्यात कपडे धुऊन तिचे हात सोलले आहेत. तिला तिथे पुन्हा पाठवू नये.

२. झाडावर चढायचा दोर आणि सुरी यादगिरी मामांना. "कॉलेज सोडलेल्याला पोरगी देत नाही," हे त्यांचं बोलणं मी विसरलेलो नाही. पण चढायला त्यांनीच शिकवलं.

३. फोन मामांची मुलगी श्रीवाणी हिला. ओढ्याचे व्हिडिओ त्यात आहेत. तिचे फोटोही आहेत, ते मामांना दाखवू नयेत.

श्रीवाणी कंपनीत अहवाल लिहिते. आमच्यात ज्याच्यामुळे झाडं बिघडली त्याच्या दारात नासकी ताडी नेऊन ठेवतात, तोंडाने बोलत नाहीत. तशी आम्ही ताडी काढणाऱ्या सगळ्या गौडांनी मडकी कंपनीच्या गेटवर ठेवली. छापील अहवालात मानवी हक्कांच्या पानावर त्यांचाच फोटो आला : 'शेजाऱ्यांची प्रेमाची भेट. तक्रारी : शून्य.'

मी तिला जाब विचारला. ती मला बावा म्हणते, म्हणजे लग्नाला चालणारा आतेभाव.

"बावा, तक्रार वेबसाइटवर करायची असते, इंग्रजीत. मडकं कुठल्या रकान्यात भरू?"

"नासकी ताडी प्रेमाची कशी गं?"

"तुझं प्रेम तरी कुठे गोड आहे? भेटलास की भांडतोस." मग हळूच म्हणाली, "तू पाणी पिऊन मेलास, तर ताडी पिऊन मेला असं मलाच लिहायला लावतील."

तसं लिहिल्यास फोन मिळणार नाही. (ही ओळ रद्द. फोन तिलाच.)

४. मी ताडी काढतो, पीत नाही. हे साक्षीदारांनी कलेक्टरांना शपथेवर सांगावं.

५. लचय्या तात्या म्हणाले, ज्याला वस्तू मिळते त्याने साक्षीला सही करू नये. त्यावर श्रीवाणी म्हणाली, "मग फोन अत्ताला, तुझ्या आईला दे. सही मी करते." म्हणून कलम ३ मधला फोन आईला. नुसतं नाव लिही, पुढचं लिहू नकोस, नोकरी जाईल, असं मी तिला दोनदा सांगितलं.

ठिकाण : रामक्कपेट
तारीख : १७ फेब्रुवारी २०२४

सही : बुर्रा तिरुपती

साक्षीदार :
१. कुंदारम लचय्या, अध्यक्ष, गौड संघ
२. पल्ले श्रीवाणी, सहायक, वार्षिक अहवाल विभाग. मडक्यांच्या फोटोखालची ओळ माझी. ती खोटी आहे.