आबांचं खोपट

दादा,

रस्त्यात जाणाऱ्या आपल्या घराची सरकारी भरपाई एवढी कमी का, ते कळलं एकदाचं. मोजणीचे साहेब आले तेव्हा आबा दारातच म्हणाले होते, "या, बसा आमच्या खोपटात." त्यांनी कागदावर खोपटच लिहिलं! दगडी जोतं, पाच खोल्या, सगळं खोपटाच्या दराने गेलं. अहो, ती बोलायची पद्धत असते, असं मोजणीच्या ऑफिसात जाऊन म्हटलं, तर म्हणे खाली मालकाची सही आहे.

मी परत ऑफिसात चाललेय. काही होणार नाही, पण घरी बसवत नाही. दुपारी ते ताबा घ्यायला येतील. आबांना दारात जाऊ देऊ नकोस. सकाळपासून त्यांनी दोन खुर्च्या पुसून ठेवल्यात आणि मला विचारतायत, साहेबांना चहात साखर किती लागते.