सोमवारचे ठिपके

सोलापूर, फेब्रुवारी १९७५

प्रिय मालतीबाई,

तुम्ही शाळा सोडून गेलात आणि पाचवीचा वर्ग माझ्याकडे आला. सोबत तुमचा हजेरीपटही. त्यातलं एक कोडं या महिन्यात सुटलं. ते तुमच्याखेरीज कुणाला सांगू?

सहामाहीत नरसम्मा गणितात नापास झाली, तेव्हा तुम्ही होतात. वार्षिकलाही तसंच झालं तर वडील तिला शाळेतून काढणार, हेही तुम्हांला ठाऊक होतं. मुलगी मंद आहे? मला पटेना! कपाटातले पेपर काढले आणि एक मोठा कागद आखला. आडव्या ओळींत मुलींची नावं, उभ्या रकान्यांत प्रश्न. चुकलं तिथे फुली. आणि गंमत पाहा: नरसम्मा आणि आणखी सहाजणींच्या फुल्या एकाच रकान्यात! तेही अवघड उदाहरणात नव्हे; अपूर्णांकांचे छेद समान करण्याच्या पहिल्याच पायरीवर.

ही पायरी तुम्ही केव्हा शिकवलीत? सोमवारी. नवा पाठ सोमवारी, उरलेला आठवडा सराव, ही तुमची शिस्त. पण पटावर तर प्रत्येक सोमवारी वर्ग पूर्ण! आणि माझ्या पहिल्याच सोमवारी सात जागा रिकाम्या. मला वाटलं, नवी बाई आवडली नसेल.

पट उजेडात तिरका धरला, तेव्हा सोमवारच्या सात हजेऱ्यांखाली पेन्सिलीचे बारीक ठिपके दिसले. नावं ताडून पाहिली. त्याच सातजणी!

मी नरसम्माच्या घरी गेले. तिची आई मागासाठी चाकावर सुताच्या कांड्या भरत होती.

"सोमवारी सूत येतंय की बाई. एवढ्या कांड्या कोन भरनार? तुमी येताय व्हय?" मग हसून म्हणाली, "मालतीबाई म्हनल्या हुत्या, एक दिवस ठिवून घ्या, पन शाळा सोडवू नका. हजेरीचं मी बघते."

हजेरी कमी पडून मुली परीक्षेला मुकतील, ही भीती वाटली ना तुम्हांला? अहो, मी नियम काढून हिशेब मांडला. सहांपैकी पाच दिवस आल्या तरी पुरतं! एवढं गणित तुम्हीच कसं केलं नाहीत? तुमच्या मायेने पट भरला, पण त्यात त्या मुलींचा चुकलेला पाठ दिसेनासा झाला. मग ते ठिपके कुणासाठी ठेवले होतेत, बाई? माझ्यासाठी?

नवा पाठ आता मंगळवारी असतो. छेदांचा धडाही पुन्हा घेतला. त्या मंगळवारी नरसम्माने दबकत विचारलं, "बाई, काल काय शिकवलं?"

"काही नाही. तुमची वाट पाहिली."

कालच्या चाचणीनंतर नवा कागद आखला. त्या रकान्यातली नरसम्माची फुली गेली! दोघींची अजून आहे. का असेल? शोधते आहे.

परीक्षा एप्रिलात. तोवर आणि त्यानंतरही, सोमवारी मी शाईने गैरहजर मांडीन, आणि मंगळवारी त्या सातजणी जागेवर बसल्याखेरीज नवा पाठ उघडणार नाही. तुमचे ठिपके मात्र खोडणार नाही.

तुमच्याच पाचवीत शिकलेली,
सुमन