कॉटनवूड स्टेटच्या बाजूने दोन मिनिटं

८ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०

शून्याखाली एकोणीस. गाडी सुरू झाली.

आजपासून रोजनिशी. दाखवायची कुणाला नाही. पण मोठं काम अंगावर घेतलं की तारखा लिहिलेल्या बऱ्या.

काल मुलीचा, कॅरिनचा, फोन. कॉटनवूड स्टेट युनिव्हर्सिटीला राज्याकडून येणारी मदत या अधिवेशनात कापायचं घाटतंय. कापली तर जूनअखेर तीन विभाग बंद. त्यात भूगर्भशास्त्र. कॅरिन तिथे सात वर्षं शिकवते. माझी बायको अर्लीन म्हणाली, पोरीचा आवाज रडवेला होता, तुला कळलं नाही? मला सर्दी वाटली होती.

कॅरिनला सांगितलं, मी बघतो. मी म्हणजे कॉटनवूड माजी विद्यार्थी संघाच्या आमच्या शाखेचा अध्यक्ष. सलग अकरा वर्षं. दर वेळी बिनविरोध.

शिवाय खर्च समितीचा अध्यक्ष कोण? सिनेटर बेटिंगर. माझा रूममेट. १९७९, हॉस्टेलचा दुसरा मजला, एक सेमिस्टर. माझा स्वेटर न विचारता घालायचा. असा माणूस मला नाही म्हणेल? शक्य नाही.

११ जानेवारी, गुरुवार

शाखेची तातडीची बैठक, कॅफेत. दोनशे चौदा जणांना मेल केली होती. आले चौघे. मी, डॉरिस क्वाम, आणि एक नवरा-बायको, जे पत्त्यांच्या डावाला आले होते. तरी दहा मिनिटं बसले. कोरम झाला.

डॉरिस शाखेची चिटणीस. तीस वर्षं काउंटी ऑफिसात नोकरी, प्रत्येक गोष्टीत कागद मागायची खोड. म्हणाली, व्हर्न, सुनावणीत प्रत्येकाला दोनच मिनिटं मिळतात, आत्तापासून लिहायला घे. मी म्हटलं, बेटिंगरशी माझं वेगळं आहे. ती म्हणाली, वेगळं म्हणजे काय? मी म्हटलं, ते तुला नाही कळायचं.

संकल्प: आमदारांना एक हजार पत्रं.

१७ जानेवारी, बुधवार

पत्रं आजपर्यंत: दोन. एक माझं, अकरा पानी. एक डॉरिसचं, अर्धं पान. गुणवत्तेला महत्त्व.

अर्लीनने माझं वाचलं. म्हणजे तीन पानं वाचली आणि चष्मा काढला. म्हणाली, यात तू कुठे राहायचास ते कळलं, काय जेवायचास ते कळलं, बास्केटबॉलच्या टीममधून तुला का काढलं तेही कळलं. कॉलेजला पैसे का द्यायचे ते कितव्या पानावर आहे? मी म्हटलं, नवव्या. वातावरणनिर्मिती करावी लागते. ती म्हणाली, सिनेटर आठव्यावर मरेल.

२३ जानेवारी, मंगळवार

बेटिंगरचं उत्तर आलं! छापील, पण खाली सही. हरणांच्या शिकारीच्या परवान्याबद्दल आपण कळवलेल्या मताबद्दल आभार.

डॉरिसला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, पत्रांची अदलाबदल झालीय, तुझं कुणी उघडलंही नसेल. तिला राजकारण कळत नाही. अशा विषयात माणूस कागदावर काही देत नसतो. मुद्दाम हरणं घातली. मी ओळखलं.

२८ जानेवारी, रविवार. दुपारी २

कॅरिन जेवायला आली होती. अर्लीनने ओव्हनमध्ये हॉटडिश केलं, खाली खिमा, वर बटाट्याचा कुरकुरीत थर. कॅरिनने काट्याने थर बाजूला केला आणि तसाच ठेवला.

आयडाहोमधल्या एका कॉलेजने तिला नोकरी देऊ केलीय. गुरुवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. म्हणाली, डॅड, मला जायचं नाहीये, इथली मुलं अर्ध्यावर सोडून कशी जाऊ? पण जूनमध्ये हातात काही नसलं तर काय करू?

मी म्हटलं, जाऊ नकोस. सुनावणी तेरा फेब्रुवारीला आहे, बेटिंगर माझ्या खिशात आहे.

ती म्हणाली, खात्री आहे? तू नेहमी म्हणतोस तसलं नको. खरी खात्री.

मी म्हटलं, शंभर टक्के.

अर्लीन उठून भांडी घासायला लागली. भांडी अजून टेबलावर होती. तिने काय घासलं कोण जाणे.

१ फेब्रुवारी, गुरुवार

कॅरिनने आयडाहोला नकार कळवला. मेसेज आला: कळवलं. मी अंगठा पाठवला.

काहीतरी वाटायला हवं होतं. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला. दीड तास.

११ फेब्रुवारी, रविवार

तयारी पूर्ण. सर्वांना मेल: मंगळवारी विधान भवनात हिरवे कपडे घालून या, हिरवा आपल्या कॉलेजचा रंग. उत्तरं तीन. दोघांचे पत्ते बदललेत, एकाचा मृत्यू झालाय (मुलीने कळवलं, दोन वर्षं झाली). मनाने बरेच येतील.

डॉरिसने आपलं भाषण वाचून दाखवलं. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांत निम्मे शिक्षक कॉटनवूडचे, कॉलेज आटलं तर गावात शिकवायला कोण येणार, वगैरे. एक पान. सगळे आकडे बरोबर. पण जीव नाही. तसं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, छान आहे, छोटं आहे.

माझं भाषण डोक्यात आहे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार. मोटेलमध्ये, संध्याकाळी ५

आजचा दिवस ऐतिहासिक. क्रमाने लिहितो.

पहाटे निघालो, डॉरिसच्या गाडीतून. रस्ता गोठलेला. चार तास. ती गाडी चालवताना बोलत नाही, त्यामुळे मला बरंच बोलता आलं.

विधान भवनात पोचलो तर हॉलभर हिरव्या टोप्या! पन्नास तरी. मी जिना चढता चढता थांबलो. डॉरिसला म्हटलं, बघ, बोलावल्यावर येतात की नाही. जवळ जाऊन एकाचा हात हातात घेतला, विचारलं, कोणत्या सालचा? तो म्हणाला, कोणत्या सालचं काय, बियाणं? ते सोयाबीनवाले शेतकरी होते, दुसऱ्या सुनावणीला आलेले. तरी टोपी हिरवी ती हिरवीच. वातावरण तयार झालं.

दारात एक चिठ्ठी भरायची होती. नाव, गाव, कोणातर्फे, आणि दोन चौकोन: विधेयकाच्या बाजूने, विरोधात. वर लिहिलेलं, विधेयक ११४, उच्च शिक्षण खर्च. आम्ही उच्च शिक्षणाच्या बाजूनेच आहोत. खूण केली. शाखेतर्फे मोठ्या अक्षरात लिहिलं. डॉरिसची चिठ्ठीही मीच भरणार होतो, पण ती म्हणाली, माझी मी भरते.

समिती बसली. बेटिंगर मध्ये. वजन वाढलंय. केस गेलेत. माझ्याकडे बघितलं नाही. साहजिक आहे, चारचौघांत ओळख कशी दाखवेल?

आधी कॅम्पसचे मोठे लोक बोलले. मग आमची पाळी. ऐन वेळी मला वाटलं, दोन मिनिटांत स्वेटरसुद्धा बसणार नाही. डॉरिसला म्हटलं, तुझीही दोन मिनिटं मला दे. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मांडीवर ते एक पान, घडी न घातलेलं. म्हणाली, व्हर्न, नको. मी म्हटलं, बेटिंगर आहे, माझ्यावर सोड. मग तिने मान हलवली. हो म्हणून हलवली असं मी धरलं.

बोललो. हॉस्टेल, दुसरा मजला, हीटरचा आवाज, आणि आज अध्यक्षपदी बसलेला तो उमदा तरुण. लोक हसले. चांगल्या अर्थाने. मग वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, यांचीही दोन मिनिटं माझ्याकडे आहेत. क्लार्क म्हणाली, इथे वेळ एकमेकांना देता येत नाही, सर. आणि डॉरिसने पाळी सोडली असं धरून तिचं नाव यादीतून काढलं.

बेटिंगरने माइक ओढला. म्हणाला, मिस्टर टॉलेफसन, आठवणींबद्दल आभार. पण मी कॉटनवूडला कधी शिकलो नाही. तो माझा चुलतभाऊ. तो आता टेक्सासमध्ये फरशा विकतो.

मी म्हटलं, आवाज तोच आहे. लोक पुन्हा हसले.

एकंदरीत छाप पडली. भूगर्भशास्त्राचा उल्लेख राहिला, पण रोख कळला असणार.

बाहेर बर्फाचं वादळ. रस्ता बंद, म्हणून मोटेल. डॉरिस तिच्या खोलीत गेली. मी दार वाजवून विचारलं, जेवायला येतेस का? आतून म्हणाली, नाही. मशीनमधून चिप्स घेतले.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

घरी. परतीच्या चार तासांत डॉरिस एकच वाक्य बोलली. म्हणाली, ते पान लिहायला मला नऊ दिवस लागले, शाळांना एकेक करून फोन केले होते. मी म्हटलं, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. तिने वेग कमी केला. रस्ता निसरडा होता.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मोठी बातमी. सभागृहात चर्चा चालू असताना माझं नाव घेतलं गेलं! कॉम्प्युटरवर थेट ऐकलं. अर्लीनला हाक मारून बोलावलं.

बेटिंगर उभा राहून म्हणाला, कपात कटू आहे हे मान्य, पण ती गरजेची आहे हे खुद्द कॉटनवूडच्या माजी विद्यार्थ्यांनाही पटलंय. त्यांच्या शाखेच्या अध्यक्षांनी, मिस्टर व्हर्न टॉलेफसन यांनी, या विधेयकाच्या बाजूने नोंद केली आहे.

अर्लीनच्या हातात लायब्ररीची पुस्तकं होती. ती तशीच उभी राहिली. म्हणाली, बाजूने? मी म्हटलं, काहीतरी घोळ आहे, दुरुस्ती कळवतो. ती म्हणाली, विधेयक कपातीचंच होतं ना रे? मी म्हटलं, वर उच्च शिक्षण लिहिलं होतं. ती म्हणाली, व्हर्न, खाटकाच्या पाटीवरही गाय काढलेली असते.

समितीला ईमेल केली. आपोआप उत्तर आलं: आपलं मत आम्हाला महत्त्वाचं आहे.

२८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९

पेपरात आलं, तिसऱ्या पानावर: माजी विद्यार्थ्यांचा कपातीला पाठिंबा. फोटो माझा, बोट वर केलेला. फोटो बरा आलाय.

कॅरिनचा फोन. म्हणाली, डॅड, कोणत्या चौकोनात खूण केलीस?

म्हटलं, पहिल्या.

मागे वर्गातल्या मुलांचा आवाज येत होता. मग म्हणाली, बरं, तास आहे माझा.

आवाज रडवेला नव्हता. हे आज माझ्या लक्षात आलं.

८ मार्च, शुक्रवार

विधेयक मंजूर. ४१ विरुद्ध २७. म्हणजे माझ्या एका चिठ्ठीने काही फरक पडला नसता. हे डॉरिसला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, त्या ४१ जणांतले सात कॉटनवूडचे आहेत, तुला माहीत होतं? त्यांना कुणी भेटलं होतं का? मी म्हटलं, तू यादी द्यायचीस. ती म्हणाली, जानेवारीत दिली होती, कॅफेत, तू तिच्यावर कप ठेवलास.

तिने राजीनामा दिला. शाखेच्या कार्यकारिणीत आता मी एकटाच. बहुमत आहे.

१९ एप्रिल, शुक्रवार

आयडाहोला मी स्वतः फोन केला, कॅरिनला न सांगता. एक बाई बोलल्या, फार गोड आवाज. जागा फेब्रुवारीतच भरली. मी त्यांना सांगत होतो की माझी मुलगी फार हुशार आहे, लहानपणी खिसे भरून दगड आणायची, तिच्या आईचं वॉशिंग मशीन दोनदा मोडलं. त्या म्हणाल्या, सर, आम्हाला तीच हवी होती.

फोन ठेवला. अंगणातला बर्फ वितळलाय. हिवाळ्यात पडलेली फांदी दिसायला लागलीय. उचलायला हवी.

१२ मे, रविवार

फांदी अजून तिथेच.

कॅरिनला खडीच्या खाणीवर काम मिळतंय. वाळू चाळून कोणता दाणा किती ते लिहायचं. मी म्हटलं, भूगर्भच आहे की तेही. अर्लीन म्हणाली, व्हर्न, आता पुरे. मी पुरे केलं.

२८ जून, शुक्रवार. संध्याकाळी

कॅरिनचं ऑफिस रिकामं करायला गेलो. तिने बोलावलं नव्हतं, पण ट्रक माझा. कॉरिडॉरमधले दिवे अर्धे बंद. नमुन्यांच्या कपाटांवर नंबरांच्या चिकटपट्ट्या, ती लिलावात जाणार. कॅरिन दगड हातात घेऊन बघायची, काही खोक्यात ठेवायची, काही परत ठेवायची. कशावरून ठरवते ते विचारलं नाही. मी खोकी उचलली.

दुपारी एक बाई आली. चिखलाचे बूट, कडेवर मूल, हातात जॅमची बाटली, त्यात पाणी. उत्तरेकडच्या एका शेतावरून तासभर गाडी चालवून आलेली. म्हणाली, आमच्या विहिरीचं पाणी तपासायचंय, इथे फुकट तपासतात ना? दर जूनला सासरे आणायचे. यंदा ते नाहीत. आणि यंदा बाळ आहे, म्हणून म्हटलं आधी तपासून घ्यावं.

कॅरिन म्हणाली, विभाग बंद झालाय. आज शेवटचा दिवस.

बाई म्हणाली, मग हे कुणाकडे देऊ?

मी पुढे झालो. बाटली तिच्या हातातून घेतली. म्हटलं, माझ्याकडे ठेवून जा, राजधानीत माझ्या ओळखी आहेत, मी बघतो.

बाईचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाली, देवासारखे भेटलात.

कॅरिनने हातातला दगड खाली ठेवला. माझ्याजवळ आली. बोटं एकेक करून सोडवल्यासारखी तिने बाटली माझ्या हातातून काढून घेतली, आणि बाईला परत दिली. मग एका कागदावर राजधानीतल्या प्रयोगशाळेचा पत्ता लिहून दिला. सांगितलं, फी पडते, तीन आठवडे लागतात, नवीन बाटली ते पाठवतील, ही चालणार नाही. तोपर्यंत बाळाला विहिरीचं पाणी देऊ नका. विकतचं द्या. माझं ऐका.

बाई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ती सांगते तसं करा.

येताना ट्रक कॅरिनने चालवला. मी बाजूला बसलो.

घरी अर्लीनने विचारलं, काय काय झालं?

म्हटलं, नऊ खोकी.