सावदा शाखेसाठी तीस फ्लॉप्या

५ जुलै १९९९, बेंगळूर
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी सातवी नापास, पण संस्थेत शिपाई, म्हणजे कॉम्प्युटर लाइनमध्येच. संस्था सॉफ्टवेअर फुकट वाटते. बनवणारेही फुकट बनवतात. पगार फक्त मला.

९ जुलै
अय्युबभाई आपल्या एरंडोलचे. त्यांनीच मला इथं चिकटवलं. तीन वर्षं रोज येऊन कॉम्प्युटरसाठी मराठी अक्षरं बनवतात. साखरेने डोळे चाललेत, भिंग लावून बसतात. म्हणाले, गिरधर, इथं चोरी नाहीच. ने आणि वाट.
ठरलं. आमच्या गावी, सावद्याला शाखा. अध्यक्ष मी.

१४ जुलै
कपाटातल्या तीस फ्लॉप्या घरी आबांना पार्सलने धाडल्या. मराठीवाल्याच निवडल्या, गावात इंग्रजी कोण वाचणार. सावद्यात आपल्या ओळखीत कॉम्प्युटर नाही. येईल. आधी माल, मग दुकान.

२ ऑगस्ट
मशीन बसली. हार्डडिस्क गेली. सगळ्यांची तोंडं उतरली. अय्युबभाई मात्र हसले, म्हणे घाबरता काय, कपाटात तीस फ्लॉप्या आहेत ना.
कपाट उपसलं. सगळ्यात जास्त मीच शोधलं.

३ ऑगस्ट
सेक्रेटरी म्हणाले, परत बनवा. अय्युबभाई म्हणाले, कशाने बनवू, आता वेलांटी दिसत नाही. सांगणार होतो. पण फ्लॉपीची कॉपी करून न्यायची असते, हे मला कुणी सांगितलंच नाही. शाळेत कॉपी केली म्हणून काढलं, इथं केली नाही म्हणून काढतील.

४ ऑगस्ट
धाकट्या भावाला, वनाला पत्र टाकलं, फ्लॉप्या लगेच परत पाठव. तार केली नाही. तार पोस्टातले लोक वाचतात.

११ ऑगस्ट
आज ग्रहण. अय्युबभाई म्हणाले, आपल्याकडे भारी दिसेल. मग भिंग पुसत बसले.
प्लॅन पक्का. फ्लॉप्या आल्या की कपाटामागे सापडल्या म्हणायचं. अय्युबभाई खूश होतील, तेव्हाच शाखेचं बोलून घेईन.

२१ ऑगस्ट
वनाचं कार्ड. तुझं पत्र बाराला भेटलं. अकराला गिरहण होतं. उघड्या डोयानं पाह्यलं त डोये जातात म्हने, म्हणून आबांनी फ्लॉप्या फोडून आतल्या काया चकत्या डोयाले लावाले बठ्ठ्या गल्लीले वाटल्या. एकबी उरली नाही. ढग होते, काही दिसलं नाही.
अय्युबभाई बाजूला येऊन बसले. गावचं कार्ड का म्हणाले. हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, परत दिलं. म्हणाले, तूच वाच.
मी वाचलं : घरी सगळे खुशाल आहेत.