घोडीची वकील

२४ नोव्हेंबर, सोमवार

आणि वर मलाच विचारतात, घोडीला दुखतं हे तुम्हाला कळत नाही का! मला कळत नाही? शेवंती एवढंसं शिंगरू होती, आई मेलेली, तेव्हा मी तिला बाटलीने दूध पाजलं. तिचं पोट दुखलं तर मला आधी कळतं, तिला मागून. आणि काल इंदूरहून आलेली ती पोरगी पोलीस थान्यात टीआय साहेबांसमोर, म्हणजे मोठ्या इन्स्पेक्टरसमोर, लगाम वर धरते आणि म्हणते, बघा साहेब, काटे बघा. काटे तर असणारच. काटेरी लगाम आहे तो, गजरा आहे का? आमच्या सिंधीपुऱ्यात ज्याच्या दारी वरातीची घोडी आहे त्याच्याकडे हाच लगाम. सासऱ्यांपासून असाच लगाम चालत आलाय. काटा लागला की घोडी मान वर करते, मान वर केली की पाय उचलते, मग लोक म्हणतात, वा, घोडी नाचली. नाही नाचली तर नवरदेवाचा काका म्हणतो, याच्यापेक्षा स्कूटर आणली असती.

शनिवारच्या वरातीत कोणीतरी व्हिडिओ काढला. शेवंतीच्या तोंडाला लाल दिसतं. मी टीआयला सांगितलं, ते कुंकू, करवलीने ओवाळलं तेव्हाचं. टीआय म्हणाला, कुंकू घोडीच्या कपाळाला लावतात, ओठाला नाही. मी म्हणाले, करवली घाईत होती.

नाही ऐकलं. घोडी उचलली आणि जसोंडीकडच्या गोशाळेत नेऊन टाकली. गाईंमध्ये! केस चालेल तोवर तिथेच म्हणे.

रोज संध्याकाळी चंदी टाकताना दिवसभराचं सगळं मी शेवंतीला सांगायची. ती कान हलवायची, मध्ये बोलायची नाही. आमचे हे मध्ये बोलतात. देवराम घोडीवाला म्हणून गावात ओळखतात यांना, पण घोडी माझी. आता सांगू कोणाला? म्हणून ही वही. नाव शारदा आणि शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं, कोण वाचणार आहे.

ठरवलं: उद्या घोडी घरी. आणि रडायचं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नाही आली. त्याला कोर्टाचा कागद लागतो.

रडले. पण ते रिकामी बादली दिसली म्हणून. ते धरायचं नाही.

यांनी लीलाधर वकील केले. म्हातारा माणूस, गालात सुपारी. पहिलंच वाक्य म्हणाले, शारदाबाई, आता तुम्ही माझ्या पक्षकार, आजपासून तोंड बंद. नाही आवडला मला माणूस. हे शेजारी बसलेले, हळूच म्हणतात, वकीलसाहेब, काटेरी लगाम आम्ही चुकीच्या तोंडात घातला. त्यांचा मुंशी हसला. वकील पण हसले, सुपारी सांडेपर्यंत. माझी घोडी कैदेत आणि यांना हसू येतं.

पण काम झालं! कोर्टाच्या ओट्यावर ती इंदूरची पोरगी दिसली. मृणाल नाव. काळा कोट, पायात कापडी बूट. मुंशीला विचारलं, ही कोण? म्हणाला, ही फक्त जनावरांच्या केसेस लढते. कुत्रे, बैल, पोपट, सगळ्यांची वकील. फी पण नाही घेत.

सरळ गेले आणि विचारलं, तू कोणाच्या बाजूने? म्हणाली, काकू, मी शेवंतीच्या बाजूने.

बस्स. शेवंती कोणाची? माझी. मग वकील कोणाची? एवढी सोपी गोष्ट लीलाधरला काळा कोट घालून कळत नाही. आता दोन वकील झाले. घोडी या आठवड्यात घरी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी

मृणाल मॅडमसाठी मावा जलेबी नेली, गरम. नाही घेतली. म्हणाली, मी दुधाचं काही खात नाही. का, तर म्हशीला त्रास होतो. अशक्त आहे बिचारी, त्यामुळे डोक्यात असं येतं. मग केळं दिलं. ते अर्धं खाल्लं आणि अर्धं पिशवीत ठेवलं. म्हणाली, शेवंतीला नेते. पोरीचं मन चांगलं आहे.

मग तिला सगळी हकिकत सांगायला बसले. वकिलापासून काय लपवायचं? ती सारखी म्हणत होती, काकू, मैं आपकी वकील नहीं हूँ, मला काही सांगू नका, तुमच्या वकिलाला सांगा. लाजाळू आहे. मी म्हणाले, अगं ऐक तर. शनिवारी ते कुंकू नव्हतं, रक्तच होतं. पण फार नाही. नेहमी येतं तेवढंच.

ती उठून चालली गेली. घाईत असेल.

ठरवलं: मॅडमला रोज एक केळं.

३ डिसेंबर, बुधवार

आज कोर्टात पेशी होती. लीलाधर बोलत होते, लगाम जुना होता, वापरात नव्हता, असं काहीतरी खोटंनाटं. मला नाही पटलं. मी मागून उठले. म्हणाले, जज साहेब, लगाम रोजचाच आहे आणि रक्त नेहमी येतं तेवढंच आलं होतं. या मॅडमला विचारा, मी तिला सगळं सांगितलंय, ती आमचीच आहे.

मॅडमने मान खाली घातली. कौतुकाने असेल. लीलाधरांनी सुपारीची डबी उघडली, बंद केली, परत उघडली.

माझा मुद्दा साफ होता. नेहमी येतं म्हणजे त्या दिवशी नवीन काही झालं नाही. नवीन झालं नाही तर गुन्हा कुठला? पण जज साहेबांनी डॉक्टरला घोडी तपासून रिपोर्ट द्यायला सांगितलं. तोपर्यंत गोशाळा.

बाहेर आल्यावर लीलाधर यांना म्हणाले, देवरामभाऊ, पुढच्या पेशीला बाईंना घरी ठेवा नाहीतर मला ठेवा. जळतो मृणाल मॅडमवर.

८ डिसेंबर, सोमवार

जसोंडीला गेले. गोशाळेत समाधान नावाचा माणूस बघतो. फाटकातूनच म्हणाला, या मावशी, तुमची पाहुणी मजेत आहे. सकाळी धुळीत लोळते, मग खाते, मग गाईंना हाकलते.

शेवंती केवढी फुगली आहे! समाधान म्हणाला, अंगात भरली. अंगात नाही भरली, सुजली आहे. माझ्या आठवणीने. मनाला लागलं की अंगावर सूज येते, माझ्या मावशीचं तसंच झालं होतं.

हाक मारली. मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागे गेली. ऊन डोळ्यांवर होतं. मी आत हात घातला तर तोंड वर करून पळाली. समाधान म्हणाला, मावशी, तोंडाजवळ हात नाही चालत तिला. आली तेव्हा तर पाणी पिताना पण दात आवळून धरायची. मृणाल मॅडमने बसून बसून सवय लावली. आता तिच्या हातून केळं घेते.

माझंच केळं ते!

रागावली आहे माझ्यावर. इतके दिवस सोडून दिलं म्हणून. माझं माणूस असं रुसतं, मला माहीत आहे.

घरी येईपर्यंत पिकअपमध्ये विचार केला. सापडलं. सगळे म्हणतात, घोडी काट्याने नाचते. मी म्हणते, हौसेने नाचते. मग दाखवूनच देते. शुक्रवारी डॉक्टर रिपोर्ट करायला येणार, मॅडम पण येणार. वरातीत वाजवतो त्या उखर्डूची बेंजो पार्टी घेऊन जायचं. लगाम नाही, काही नाही. वरातीची चाल वाजली की शेवंती आपोआप पाय उचलेल. डॉक्टर काय लिहील मग? घोडी खुशीत.

यांना सांगितलं. हे म्हणाले, नको करू. मी म्हणाले, का? तर तबेल्यात जाऊन रिकामी जागाच झाडत बसले. भित्रा माणूस.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उखर्डू सात माणसं घेऊन आला, गणवेश घालून. झालर लावलेली झूल पण नेली होती मी, नाचली की वर टाकायला. डॉक्टर म्हणाला, बाई हे काय? मी म्हणाले, रिपोर्ट.

उखर्डूने चाल उचलली. ढोल पडला.

शेवंती चरत होती. कान मागे गेले. तिथून जी पळाली ती पार मागच्या भिंतीपर्यंत. भिंतीला अंग लावून उभी. मान वर, तोंड उघडं, जसं लगाम ओढल्यावर करते तसंच. लगाम नव्हता. मागचे पाय लटलट करत होते. उभ्या उभ्या मुतली.

मी ओरडले, जोरात वाजव, ऐकू जात नाही तिला. उखर्डूनेच बेंजोवरून हात काढला. म्हणाला, वहिनी, पुरे झालं.

मृणाल मॅडम माझ्याजवळ आली. म्हणाली, काकू, बंद करा, माझी पक्षकार घाबरली आहे. मी म्हणाले, मी नाही घाबरले.

ती म्हणाली, तुम्ही नाही काकू.

झूल परत आणली.

१३ डिसेंबर, शनिवार

उखर्डूचा बेंजो बेसूर होता. थंडीने तारा उतरतात. शिवाय शेवंतीला संध्याकाळच्या वरातीची सवय, सकाळी कोण नाचतं? आणि भिंतीकडे तिला बहुतेक साप दिसला असेल. डॉक्टरने हे काहीच लिहिलं नाही.

लीलाधरांना म्हणाले, ती पोरगी आपली नाहीच मुळी. लीलाधर म्हणाले, अरे वा. अख्ख्या कचेरीला माहीत होतं, चहावाल्याला पण. मला वाटलं, तुम्ही काही डाव टाकताय.

ठरवलं: मॅडमला केळं बंद.

१४ डिसेंबर, रविवार

हे बाहेर गेले होते. जुना लगाम घरात खुंटीला आहे, पोलिसांनी नवा नेला. काढला, धुतला. म्हटलं बघू तरी, सगळे एवढं बोंबलतात ते काय आहे. तोंडात धरला. थोडासा ओढला, एका हाताने.

तसं काही विशेष नाही.

संध्याकाळी भाकर नाही गेली. दूध घेतलं, थंड करून. बोलायला पण येईना. यांनी विचारलं, आज घर एवढं शांत कसं? मग माझ्याकडे बघून म्हणाले, ओठाला लाल काय आहे?

मी म्हणाले, कुंकू.

यांनी खुंटीकडे बघितलं. लगाम उचलून बाहेर गेले, आणि परत आले तेव्हा हात रिकामे होते.

१७ डिसेंबर, बुधवार

पेशी झाली. मी एक शब्द बोलले नाही, जीभ अजून सुजलेली आहे. लीलाधर म्हणाले, शारदाबाई, आज पहिल्यांदा तुम्ही नीट वागलात.

केस संपेपर्यंत घोडी गोशाळेतच. केस कधी संपेल? लीलाधरांनी हात वर केले. मला भेटायची परवानगी आहे. बँड आणायचा नाही, लगाम आणायचा नाही, तोंडाला हात लावायचा नाही.

खरमास लागला. आता महिनाभर लग्नंच नाहीत, वराती कुठल्या. मी तरी तिला घरी आणून करणार काय होते? उभीच राहिली असती. मी चंदी टाकली असती आणि बोलत बसले असते. एवढंच.

तेवढंच पाहिजे होतं मला. वरातीचं मरू दे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

परत गेले. रिकाम्या हाताने. फाटकाबाहेर बसले. हाक नाही मारली, जीभ दुखते. शेवंती लांबून बघत राहिली. कान पुढे, मग मागे, मग पुढे. जवळ नाही आली. लांब पण नाही गेली.

मृणाल मॅडम होती. शेजारी येऊन बसली, मातीत, चांगल्या कपड्यांनी. मग मीच बोलले, जसं जमेल तसं. म्हणाले, तू माझी वकील नाहीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती म्हणाली, हो काकू. मी म्हणाले, शेवंतीची आहेस ना? म्हणाली, हो. मी म्हणाले, फी न घेता? म्हणाली, हो.

मग म्हटलं, वकिलाने पक्षकाराचं म्हणणं विचारायचं असतं, लीलाधर पण विचारतो, मग ऐकत नाही ही गोष्ट वेगळी. तू तुझ्या पक्षकाराला विचार. लगाम गेला, कुठे टाकला मला पण माहीत नाही. वराती बंद. नुसती मी आणि बादली. यायचं आहे का तिला माझ्याकडे?

मॅडम म्हणाली, काकू, घोडी कसं सांगेल?

मी म्हणाले, ते तू बघ, वकील तू आहेस. मला हो की नाही एवढंच सांग. मंगळवारी मी परत येते, मंगळवारपर्यंत मला उत्तर पाहिजे.