क्रूझनंतरचे दोन दिवस

मंगळवार संध्याकाळ, विजय नगर

क्रूझ संपली की मुंबईत दोन दिवस राहायचं. ऑफिसातून येऊन मोबाईलवर दादरचं एक स्वस्तातलं लॉज शोधलं. खोली साधीच, पण सकाळचा चहा दाराशी येतो. म्युझियम बघायचं, मग समुद्राकाठी नुसतं बसायचं.

ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "अगं, होटल कशाला? मुलुंडला ताई आहे ना. मी फोन पण लावून दिला."

बस, झालं. स्वस्तच हवं होतं ना मला? आता रागही येत नाही, नुसता थकवा येतो. दाराशी येणारा तो चहा मात्र डोक्यातून जात नाहीये.

मग नणंदबाईंचाच फोन. "या या, किती दिवसांनी तुझ्या हातचे दाल-बाफले मिळतील."

कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग भाजायचे, त्या बाफल्यांचं जाडं पीठ आत्ताच बॅगेत भरलं, क्रूझवर घालायच्या नव्या ड्रेसखाली.